जुने कर्ज आणि माणसाची पत

तीन वर्षे लोटली की कर्ज बुडाले आणि सात वर्षे लोटली की नाव स्वच्छ झाले, असे दोन समज सुशिक्षित कुटुंबांतूनही सर्रास ऐकू येतात. दोन्ही समजांत सत्याचा थोडाथोडा अंश आहे. आणि निखळ असत्यापेक्षा असा अर्धवट अंशच माणसाला अधिक गोत्यात आणतो. नोकरीच्या आरंभीच्या काळात क्रेडिट कार्डावर राहून गेलेले दहा-वीस हजार रुपये, मित्राच्या वाहनकर्जाला दिलेली जामीनकी, धंदा बसल्यामुळे थकलेले एखादे कर्ज, यांची आठवण दहा वर्षांत पुसट होऊन जाते. पुढे घर घेण्याची वेळ येते, बँकेत अर्ज पडतो, आणि तेथील अधिकारी ते विसरलेले कर्ज तारीखवार समोर ठेवतो. जुन्या कर्जावर काळाचा परिणाम होतो हे खरे. परंतु तो कोणत्या कर्जावर होतो आणि कोणत्या कर्जावर होत नाही, हे समजून घेतल्यावाचून काळावर भिस्त ठेवणे शहाणपणाचे नव्हे.

पत हा शब्द मराठीत जुना आहे. पेढीवर बसलेला सावकार कर्ज मागावयास आलेल्या माणसाचे घराणे, त्याची शेतीवाडी, त्याच्या वडिलांनी फेडलेली वा बुडविलेली देणी, हे सारे जाणून असे. त्याची स्मरणशक्ती आणि त्याच्या वह्या हेच त्या काळचे पतमापन होते. पुणे जिल्ह्यातील सुपे येथे १२ मे १८७५ रोजी शेतकऱ्यांनी सावकारांविरुद्ध दंगा केला, आणि पाहता पाहता तो आसपासच्या गावांत पसरला. त्या दंग्यांचा मुख्य रोख सावकाराच्या जिवावर नसून त्याच्या दप्तरावर होता. खते आणि रोखे हिसकावून घेऊन त्यांची होळी करण्यात आली. कागद जळाला की कर्जाची साक्ष संपली, हा त्यामागील हिशेब साधा होता आणि त्या काळापुरता तो चुकीचाही नव्हता.

आज ही साक्ष एका पेढीच्या दप्तरात राहिलेली नाही. २००० साली मुंबईत सिबिल ही कंपनी स्थापन झाली. पुढे २००५ साली संसदेने पतमाहिती कंपन्यांच्या नियमनाचा स्वतंत्र कायदा केला. आज रिझर्व्ह बँकेच्या परवान्याने अशा चार कंपन्या काम करतात: ट्रान्सयुनियन सिबिल, इक्विफॅक्स, एक्स्पीरियन आणि क्रिफ हाय मार्क. बँका, वित्तकंपन्या आणि नागरी सहकारी बँका यांनी आपल्या प्रत्येक ऋणकोच्या खात्याची स्थिती या कंपन्यांना कळवावी, असे बंधन आहे. पूर्वी ही माहिती महिन्यातून एकदा जात असे. १ जानेवारी २०२५ पासून ती निदान पंधरवड्यातून एकदा जाऊ लागली. तिच्या आधारे कंपनी प्रत्येक ऋणकोला ३०० पासून ९०० पर्यंतचा एक आकडा देते. बाजारात त्याला सिबिल स्कोअर म्हणतात. मराठीत त्यास पतगुणांक म्हणता येईल.

हा आकडा म्हणजे चारित्र्याचा दाखला नव्हे, आणि श्रीमंतीचे मापही नव्हे. माणसाचा पगार किती, त्याच्या नावावर जमीन किती, याचा त्यात हिशेब नसतो. हा ऋणको पुढील काळात हप्ता चुकविण्याचा संभव किती, एवढेच अनुमान त्यात असते. प्रत्येक कंपनीचे सूत्र निराळे असल्यामुळे एकाच माणसाचा गुणांक चार ठिकाणी चार प्रकारचा निघू शकतो. तथापि सूत्रांतील घटक सामान्यतः सारखेच आहेत: हप्ते वेळेवर गेले की नाही, कार्डाची मर्यादा कितपत वापरली जाते, खाती किती जुनी आहेत, कर्ज तारणी आहे की बिनतारणी, आणि अलीकडे कर्जासाठी किती ठिकाणी अर्ज केले गेले. यांत वेळेवर फेड करण्याला सर्वांत अधिक महत्त्व आहे.

पतअहवालात प्रत्येक खात्यापुढे महिन्याचे एक घर असते, आणि त्या घरात हप्ता किती दिवस थकला तो आकडा लिहिलेला असतो. वेळेवर भरणा झाला तर तेथे शून्य येते. न झाला तर ३०, ६०, ९० असे दिवस चढत जातात. ९० दिवसांच्या वर थकलेले कर्ज बँक आपल्या हिशेबात अनुत्पादक ठरविते, आणि तेथून त्या खात्याची गणना बुडीत होऊ पाहणाऱ्या खात्यांत होऊ लागते. सिबिलच्या अहवालात अशी ३६ महिन्यांची घरे दिसतात. नवा महिना आला की सर्वांत जुने घर मागे पडते.

काळ पतगुणांकावर कसा काम करतो, याचे उत्तर या घरांत सापडते. गुणांक काढताना नजीकच्या महिन्यांना अधिक वजन मिळते आणि दूरच्या महिन्यांना कमी. चार वर्षांपूर्वी दोन हप्ते चुकले आणि नंतर ते भरून खाते सुरळीत चालले, तर त्या जुन्या चुकीची धार बोथट होत जाते. परंतु हा लाभ ज्या कर्जाचा निकाल लागला त्यालाच मिळतो. फेडलेले कर्ज म्हातारे होत जाते. न फेडलेले कर्ज मात्र म्हातारे होतच नाही. ते दर वेळी थकबाकीच्या नव्या आकड्यानिशी कळविले जाते आणि पतअहवालात नित्य ताजे राहते.

एका कल्पित उदाहरणाने हे अधिक स्पष्ट होईल. समजा, दोन गृहस्थांनी २०१६ साली क्रेडिट कार्डाचे २०,००० रुपये थकविले. एकाने चार महिन्यांनी ओढाताण करून सारी रक्कम व्याजासह भरली आणि खाते बंद केले. दुसऱ्याने शहर बदलले, दूरध्वनीचा क्रमांक बदलला, आणि प्रकरण आपोआप विरून जाईल असे मानले. पहिल्या वर्षी दोघांचेही पतगुणांक सारखेच घसरलेले दिसले असते. पुढे पहिल्याने एक लहानसे कर्ज घेऊन त्याचे हप्ते नेमाने फेडले. २०२० पर्यंत त्याचे वाईट महिने बरेच जुने झाले, आणि जुन्या खात्यापुढे ते बंद झाल्याचा शेरा राहिला. दुसऱ्याच्या खात्यात व्याज चढत गेले. व्याज दरमहा शेकडा साडेतीन धरले, आणि क्रेडिट कार्डावर असा दर नवलाचा नाही, तर २०,००० रुपयांवर महिन्यास ७०० रुपये होतात. चक्रवाढ आणि दंड बाजूस ठेवले तरी २९ महिन्यांत देणे दामदुप्पट होते. दहा वर्षांनी हा दुसरा गृहस्थ घरासाठी कर्ज मागू लागला, तर बँकेसमोर येणारा आकडा २०,००० चा नसतो आणि तो जुन्या चुकीचाही वाटत नाही. ते आजचे थकलेले देणे वाटते.

आता तीन वर्षांच्या समजाकडे वळणे योग्य होईल. १९६३ च्या मुदतीच्या कायद्याप्रमाणे साध्या कर्जाच्या वसुलीचा दावा सामान्यतः तीन वर्षांच्या आत लावावा लागतो. घर गहाण असेल तर गहाणाच्या मालमत्तेतून वसुली करण्याची मुदत बारा वर्षांची आहे. मुदत उलटून गेली की न्यायालय दावा ऐकून घेत नाही. परंतु याने बंद होतो तो न्यायालयाचा दरवाजा. देणे नाहीसे होत नाही. मुदतीचा कायदा वसुलीचा उपाय काढून घेतो, हक्क नव्हे, हे तत्त्व भारतीय न्यायालयांनी दीर्घकाळ मान्य केलेले आहे. शिवाय मुदत संपली म्हणून पतअहवालातील नोंद काढून टाकावी, असे बंधन पतमाहितीच्या कायद्याने घातलेले नाही. दोन कायद्यांची घड्याळे निरनिराळी आहेत. एक थांबले म्हणून दुसरे थांबत नाही.

तीन वर्षांची ही मुदत दिसते तितकी सरळही नाही, आणि याचा दाखला पुन्हा दख्खनच्याच इतिहासात आहे. १८५९ च्या मुदतीच्या कायद्याने साध्या खताची मुदत तीन वर्षांवर आणली. हेतू ऋणकोच्या संरक्षणाचा होता. सावकाराने मात्र त्यावर तोड काढली. मुदत संपत आली की तो कुणब्याकडून नवे खत लिहून घेई. त्यात जुने व्याज मुद्दलात मिळविलेले असे, आणि मुदतीचे घड्याळ पहिल्यापासून सुरू होई. १८७५ च्या दंग्यांमागील कारणांत या प्रकाराचीही गणना झाली. आजच्या कायद्यातही तत्त्व तेच आहे. मुदत चालू असताना ऋणकोने देणे लेखी कबूल केले, किंवा अंशतः भरणा करून त्याची लेखी खूण ठेवली, तर त्या दिवसापासून मुदत नव्याने मोजली जाते. मुदत संपल्यानंतरसुद्धा ऋणकोने जुने देणे फेडण्याचे सहीनिशी लेखी वचन दिले, तर १८७२ च्या कराराच्या कायद्याप्रमाणे ते बंधनकारक ठरते. म्हणून वसुलीसाठी आलेल्या माणसाने पुढे केलेल्या कागदावर तो न वाचता सही करणे, किंवा त्याला वाटेला लावण्यापुरते पाचशे रुपये हातावर ठेवणे, ही क्षुल्लक गोष्ट नव्हे. द्यावयाचे तर पुरा हिशेब मागून द्यावे.

महाराष्ट्रातील सहकारी बँकांच्या सभासदांना आणखी एक गोष्ट ठाऊक असणे अगत्याचे आहे. १९६० च्या महाराष्ट्र सहकारी संस्था कायद्याप्रमाणे संस्थेचे सभासदाकडील येणे असेल, तर दाव्याची मुदत सभासदाच्या मृत्यूपासून किंवा त्याचे सभासदत्व संपल्यापासून मोजली जाते. अर्थात सभासद राहूनच तीन वर्षे मोजत बसणाऱ्याचे घड्याळ मुळात सुरूच झालेले नसते.

सात वर्षांच्या समजाचा उगम बहुधा परदेशी आहे. अमेरिकेत १९७० साली झालेल्या कायद्याप्रमाणे थकलेल्या कर्जाची प्रतिकूल नोंद सामान्यतः सात वर्षांनंतर पतअहवालात दाखविता येत नाही. इंग्लंडात हाच काळ सहा वर्षांचा आहे. तेथे ही वरची मर्यादा होय. भारतातील २००६ च्या नियमांतही सात वर्षांचा उल्लेख आहे. परंतु तो उलट अर्थाने. पतमाहिती कंपन्यांनी माहिती निदान सात वर्षे जतन करावी, असे ते नियम सांगतात. एका देशात जो शेवट, तो दुसऱ्या देशात किमान काळ. आकडा एकच असल्यामुळे घोटाळा होतो. सबब, मुंबईत किंवा नागपुरात राहणाऱ्या ऋणकोने सात वर्षांनी आपले नाव आपोआप धुऊन निघेल, अशी आशा धरण्यास आधार नाही.

घोटाळा करणारे आणखी दोन शब्द आहेत. बँक काही जुनी कर्जे आपल्या हिशेबातून निर्लेखित करते. वर्तमानपत्रांत त्याची बातमी आली की ती कर्जमाफी झाली, असे पुष्कळांना वाटते. वस्तुतः निर्लेखन ही बँकेच्या ताळेबंदाची व्यवस्था आहे. ऋणकोची जबाबदारी तशीच राहते, वसुली चालू राहू शकते, आणि कित्येकदा असे कर्ज मालमत्ता पुनर्बांधणी कंपनीस विकले जाऊन धनकोचे नावच बदलते. पतअहवालात निर्लेखनाचा शेरा हा फार वाईट शेऱ्यांपैकी एक समजला जातो.

दुसरा शब्द तडजोडीचा. पन्नास हजारांच्या देण्यापोटी तीस हजार घेऊन प्रकरण मिटवू, असे धनको कधी सुचवितो. संकटात सापडलेल्या कुटुंबास ही तडजोड खरोखर उपकारक ठरते आणि ती स्वीकारण्यात लाज वाटण्याचे कारण नाही. मात्र तिचा अर्थ ओळखून ती स्वीकारावी. पूर्ण फेड झाली तर खात्यापुढे ते बंद झाल्याची नोंद होते. तडजोड झाली तर रक्कम कमी घेऊन मिटविले, असा शेरा पडतो. पुढे अर्ज तपासणारा अधिकारी त्याचा अर्थ एवढाच घेतो की, या माणसाने पूर्वी कोणाचे तरी पूर्ण पैसे दिले नाहीत. न फेडलेल्या कर्जापेक्षा हा शेरा निश्चित बरा, पूर्ण फेडीपेक्षा निश्चित उणा. नंतर परिस्थिती सुधारली तर राहिलेला फरक भरून शेरा बदलून देण्याविषयी धनकोकडे मागणी करता येते. असे करावयाचे झाल्यास त्याची लेखी संमती अगोदर घ्यावी.

जुने देणे नेहमी स्वतःचेच असते असेही नाही. जामीनदाराने सही केलेले कर्ज थकले तर ते त्याच्याही पतअहवालात उमटू शकते. स्नेहाखातर दिलेली सही पंधरा वर्षे पाठीशी राहते, आणि मित्राने हप्ते भरले की नाही हे जामीनदाराला कोणी सांगत नाही. वडिलांच्या कर्जाची गोष्ट निराळी आहे. पित्याचे ऋण फेडणे हे पुत्राचे धर्मकर्तव्य, या कल्पनेला हिंदू कायद्यात पूर्वी स्थान होते. ९ सप्टेंबर २००५ पासून अमलात आलेल्या दुरुस्तीने, त्यानंतर काढलेल्या कर्जापुरता तो आधार काढून टाकला. वारसाची जबाबदारी त्याला मिळालेल्या वारशापुरती असते. मुलगा सहकर्जदार किंवा जामीनदार नसेल तर वडिलांच्या थकबाकीमुळे मुलाचा पतगुणांक घटण्याचे कारण नाही. तसे घडल्याचे दिसल्यास ती चूक समजून दुरुस्त करून घ्यावी.

चुका होतातही. फेडलेले कर्ज थकलेले दिसते, नामसाधर्म्यामुळे दुसऱ्याचे खाते चिकटते, बंद केलेल्या कार्डावर वार्षिक शुल्काची थकबाकी उभी राहते. याकरिता चारही कंपन्यांनी प्रत्येक व्यक्तीस वर्षातून एकदा पतगुणांकासह पूर्ण अहवाल विनामूल्य द्यावा, अशी रिझर्व्ह बँकेची आज्ञा आहे. स्वतःचा अहवाल स्वतः मागविल्याने गुणांक कमी होत नाही. अहवालात चूक आढळल्यास कंपनीकडे अथवा धनकोकडे तक्रार नोंदवावी. तीस दिवसांत तिचा निकाल लागला नाही, तर पुढील प्रत्येक दिवसास १०० रुपये याप्रमाणे भरपाई देण्याचा नियम एप्रिल २०२४ पासून लागू झाला. त्यानेही समाधान न झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे दाद मागता येते.

आणि चूक नसून देणे खरोखरच राहिले असेल तर? तेव्हाही भयभीत होण्याचे कारण नाही. क्रम मात्र सांभाळला पाहिजे. प्रथम अहवालावरून आजचा धनको कोण ते निश्चित करावे. मग त्याजकडून मुद्दल, व्याज आणि दंड यांचा निरनिराळा हिशेब लेखी मागवावा; जुन्या प्रकरणांत दंडाची रक्कम पुष्कळदा कमी करून मिळते. भरणा बँकेमार्फत करावा, वसुलीस आलेल्या माणसाच्या हाती रोख रक्कम देऊ नये. भरणा होताच ना-देय दाखला, म्हणजे जुन्या भाषेत बेबाकीची पावती, मागून घ्यावी. त्यानंतर महिना-दीड महिन्याने अहवाल पुन्हा मागवून नोंद बदलली की नाही ते पाहावे. गुणांक लगोलग वर उडी मारणार नाही. तो महिन्यामहिन्याने, एकेका शून्याच्या घराने चढतो. याच काळात घाईने चार बँकांत अर्ज टाकल्यास प्रत्येक अर्जाची नोंद होते आणि चढण अधिकच लांबते.

सुप्याच्या दंग्यानंतर चार वर्षांनी, १८७९ साली, सरकारने दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कर्जनिवारणाचा कायदा केला. कर्जाचा मागील हिशेब न्यायालयाने उकलून पाहावा आणि ऋणकोस भरलेल्या पैशांची पावती मिळावी, ही त्यातील महत्त्वाची कलमे होत. कागदाच्या होळीने जे साधले नव्हते, ते हिशेब आणि पावती यांनी साधावे, असा त्या कायद्याचा हेतू होता. आजच्या ऋणकोला होळी करावयास कागद उरलेला नाही; हिशेब मागण्याचा आणि पावती जपण्याचा हक्क मात्र त्याला आहे. घराच्या खरेदीखताजवळ, विम्याच्या कागदांजवळ, ज्या कपाटात कुटुंबाचे मौल्यवान दस्तऐवज राहतात, तेथे फेडलेल्या प्रत्येक कर्जाच्या बेबाकीच्या पावतीलाही जागा असावी.